परतबाईंचा रकाना

बाईंचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी अख्ख्या इमारतीत त्यांना परतबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की परतबाई. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा एक नवे डॉक्टर फोनवर चुकून बोलून गेले, “हॅलो, परतबाई आहेत का?” तर बाईंनी शांतपणे सांगितलं, “आहेत. आणि तुमचा फॉर्मही परत आहे.”

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला, जनुकांच्या तपासणीचा विभाग आहे. त्याची खिडकी म्हणजे एक दार मधोमध कापून त्यावर ठोकलेली फळी. फळीवर नळ्यांचा ट्रे, रबरी शिक्का, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि पलीकडे बाई. कुठल्याही वॉर्डातल्या डॉक्टरला आपल्या पेशंटची जनुकं तपासून हवी असली की एक फॉर्म आणि जांभळ्या बुचाची रक्ताची नळी या फळीवर यायची. फॉर्मवर वरती लिहायचं कुठली तपासणी: एकच जनुक बघायचं, एखाद्या आजाराशी संबंधित जनुकांचा संच बघायचा, की सगळंच्या सगळं वाचायचं. खाली घराण्याचा तक्ता आणि पेशंटची संमतीची सही. आणि या दोहोंच्या मध्ये तळहाताएवढा एक रिकामा रकाना, ज्यावर छापलं होतं, ‘ही तपासणी का हवी आहे?’

या रकान्यात शिकलेल्या माणसांनी काय काय लिहिलेलं बाईंनी पाहिलं होतं. ‘रुटीन.’ ‘शंका.’ ‘सरांनी सांगितलं.’ एका महाशयांनी तर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. बाईंनी त्याच्या शेजारी दुसरं प्रश्नचिन्ह काढून फॉर्म परत पाठवला. रकाना रिकामा दिसला की फॉर्म परत, अर्धवट भरला असला तरी परत. नाव असं पडलं, फुकट नाही पडलं.

बाई या हॉस्पिटलात आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि रक्त काढायचं काम करत. कुणाची शीर सापडत नसली, बाळाचा हात मुठीएवढा असला, की बाईंना बोलावणं यायचं. त्या डोळे मिटून बोट फिरवायच्या आणि शीर सापडायची. वीस वर्षं वाकून वाकून शेवटी कंबरेनेच असहकार पुकारला, तेव्हा त्यांना या खिडकीत बसवलं. आधी त्यांना ती शिक्षाच वाटली. कागद तपासायला काय अक्कल लागते, असं त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने जेवता जेवता सांगितलं, “अगं, माझं निम्मं काम कागदावरच असतं. लोक फोन करतात नि म्हणतात, लिफ्ट बंद आहे. अरे बाबा, बंद म्हणजे काय? दार लागत नाही, मध्येच थांबते, चढताना अडते की उतरताना? एवढं सांगितलं तर अर्ध्या तासात करून देतो. नाही सांगितलं तर दिवसभर पिंजऱ्यावर बसून राहा.”

ते बाईंच्या डोक्यात बसलं. पण खरा हिसका त्यांना बसला तो अहवालवाल्या सरांकडून. हे सर विभागाच्या आतल्या खोलीत बसत आणि मशीनमधून जे येईल त्याचा अर्थ लावून अहवाल लिहीत. मशीनची खोली थंडगार, म्हणून बारा महिने अंगात स्वेटर. बोलणं मोजकं. एकदा चहाच्या वेळी बाईंनी सहज विचारलं की त्या नळीत तुम्हाला दिसतं तरी काय.

“अक्षरं,” सर म्हणाले. “एका माणसात तीनशे कोटी. मशीन सगळी वाचतं.”

“मग वाचलं की कळलं ना?”

“कसं कळेल? कुणाचंही रक्त घ्या, चाळीस-पन्नास लाख जागी अक्षर निराळं निघतं. तुमच्यात तेवढं, माझ्यात तेवढं. म्हणून काय आपण आजारी आहोत?”

“तुम्ही आहात थोडे,” बाई म्हणाल्या.

सर हसले नाहीत, पण चहा थोडा सांडला. “त्यातलं दोषी अक्षर कुठलं, ते मला डॉक्टरांनी काय लिहिलंय त्यावरून शोधावं लागतं. त्यांनी काहीच लिहिलं नाही तर मी बसतो चाचपडत. आणि त्यांनी चुकीच्या जागी बघायला सांगितलं, तर मी तिथे बघतो, तिथे काही नसतं, आणि मी लिहितो, दोष नाही.”

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला हिशेब करायला लावला. सेकंदाला एक अक्षर, न झोपता न जेवता वाचत सुटलं, तर तीनशे कोटी वाचायला किती दिवस? नवऱ्याने कागदाच्या मागे भागाकार मांडला, एकदा खोडला, पुन्हा मांडला. “पंच्याण्णव वर्षं,” तो म्हणाला. वीस वर्षं आपण या नळ्या भरत होतो, बाईंच्या मनात आलं, दिवसाला ऐंशी-ऐंशी, आणि भाजीसारख्या ट्रेमध्ये टाकत होतो. बोटाएवढी नळी, त्यातला एक थेंब, आणि त्या थेंबातल्या एकेका कणात पंच्याण्णव वर्षांचं वाचन. त्यांच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून कुठलीही नळी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आणि रिकाम्या रकान्याला दयामाया दाखवली नाही.

पण वरच्यांना काटा येत नाही, त्यांना तक्रारी येतात. एक दिवस विभागाच्या साहेबांनी बाईंना बोलावलं.

“बाई, डॉक्टर वैतागलेत. फॉर्म अडवू नका. तपासणीचं नाव, सही, नळीवरचा नंबर, एवढं जुळलं की घ्या.”

“आणि ‘का’चा रकाना?”

“तो त्यांचा प्रश्न.”

वरिष्ठांपुढे शहाणपण चालत नाही, हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मान डोलावली. दोन आठवडे त्या ‘स्वीकारला’चा शिक्का मारत राहिल्या. शिक्का मात्र इतक्या जोरात मारायच्या की आतल्या खोलीत सर दचकायचे.

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी नऊला बाई जिना चढून वर आल्या तर व्हरांड्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी, दोन वेण्या उडवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होती. धावून दमली की फरश्यांवर लंगडी घालत होती. समोरून औषधांची ढकलगाडी येत होती, ती थोडक्यात वाचली.

“ए मुली!” बाई कडाडल्या. “हे हॉस्पिटल आहे, मैदान नाही. एका जागी बस.”

मुलगी दोन मिनिटं बसली. बाई आत गेल्या आणि बाहेर पुन्हा धपधप सुरू झाली.

संध्याकाळी साडेचारला फळीवर एक फॉर्म आला. फॉर्म देणारी आई दमलेली होती, आणि तिच्या मागे तिचा नवरा खांद्यावर मुलीला घेऊन उभा होता. मुलीचे पाय लोंबत होते. उजवं पाऊल आत वळलेलं, बोटं ताठ, टाच वर ओढली गेलेली. बाईंनी फॉर्म वाचला. तपासणी: स्नायूंच्या आजारांचा संच. का हवी? ‘चालता येत नाही. पायाच्या ऑपरेशनआधी भूल देण्यासाठी.’ ऑपरेशन पाच आठवड्यांवर होतं. ओढली गेलेली टाच सैल करायची, तर आधी स्नायूंचा आजार नाही ना याची खात्री करून घ्यायची, म्हणजे भूल देताना धोका नको. सही होती, नंबर जुळत होता. साहेबांच्या हुकमाप्रमाणे यात खोट काढायला जागा नव्हती. बाईंनी शिक्का उचलला आणि सहज वर बघितलं, तर खांद्यावरून त्या दोन वेण्या लोंबत होत्या.

“हिला सकाळी मी ओरडले होते,” बाई म्हणाल्या. “हीच ना ती?”

आई ओशाळली. “हो. माफ करा हं. सकाळी अगदी ऐकत नाही.”

“अहो, माफी कसली मागता? सकाळी उड्या मारत होती. आता काय झालं? पडली की काय?”

“नाही हो. दोन वर्षं हे रोजचंच आहे. सकाळी उठते तेव्हा पायाला काहीसुद्धा नसतं. शाळेत पळत जाते. मधल्या सुट्टीनंतर पाय ओढायला लागते आणि चार वाजले की हे असं. रात्री झोपली की सकाळी पुन्हा पहिल्यासारखी.”

“हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“ते विचारतात, चालून दाखव. आमचा नंबर लागेपर्यंत चार वाजलेले असतात. तेव्हा तिला येतच नाही चालता.”

मुलांच्या डॉक्टरांची ओपीडी तीनला सुरू होते, हे बाईंना माहीत होतं. तीस वर्षं तीनलाच सुरू होत होती. आज रक्ताच्या बाकीच्या तपासण्या उपाशीपोटी द्यायच्या होत्या म्हणून ही मंडळी सकाळी आली होती, आणि घर लांब म्हणून दिवसभर इथेच थांबली होती. म्हणजे दोन वर्षं या पोरीला या इमारतीतल्या प्रत्येक डॉक्टरने चारनंतर पाहिलं होतं. नऊ वाजता तिला पाहिलं होतं ते एकट्या बाईंनी, आणि त्यांनी काय केलं, तर ओरडल्या.

“आणि खरं सांगू का,” वडील मध्येच म्हणाले, “आम्हाला वाटायचं, निम्मं नाटक आहे. माझी मोठी बहीण आमच्याकडेच असते, ती अशीच. सकाळी घर डोक्यावर घेईल, आणि संध्याकाळी कामाची वेळ झाली की हिचे पाय दुखतात. लहानपणापासून. मी तिचं नावच ठेवलंय, हाफ-डे. ही आत्यावर गेली असणार.” ते हसले. बायको हसली नाही.

बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“बाई, साहेबांनी तुम्हाला सांगितलं ना?” पलीकडून वैतागलेला आवाज आला. “माझे अजून अकरा पेशंट बाकी आहेत.”

“सांगितलं ना. मी फॉर्म परत करत नाहीये, घेतलाय. तुमच्या रकान्यात आईचं एक वाक्य घालायचं राहिलंय, तेवढं ऐका आणि मग खुशाल फोन ठेवा.” आणि बाईंनी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

मग डॉक्टर म्हणाले, “पुन्हा सांगा.”

बाईंनी पुन्हा सांगितलं.

“सकाळी तिला चालताना कुणी पाहिलंय?”

“मी. नऊ वाजता. चालताना नाही, लंगडी घालताना.”

“नळी पुढे पाठवू नका. मी खाली येतो.”

अकरा पेशंट सोडून डॉक्टर चौथ्या मजल्यावरून जिन्याने आले. वडिलांनी मुलीला बाकावर बसवलं, तसे डॉक्टर फरशीवर तिच्यासमोर उकिडवे बसले. पाऊल हातात घेऊन हळू हलवून बघितलं. मग तिलाच विचारलं, “झोपलीस की बरं वाटतं का गं?”

“हो,” मुलगी म्हणाली. “शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपले ना, तरी थोडं बरं वाटतं. पण टीचर उठवतात.”

डॉक्टर उठले आणि आईवडिलांना म्हणाले, “मी हिला दोन वर्षं बघतोय, आणि नेहमी संध्याकाळी बघतोय. सकाळी कशी असते, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी आहे.”

बाईंनी तीस वर्षांत या इमारतीत बरंच काही ऐकलं होतं, पण हे वाक्य ऐकलं नव्हतं. तेही व्हरांड्यात, चार लोकांसमोर. त्यांनी आपलं स्टूल डॉक्टरांपुढे सरकवलं.

डॉक्टरांनी कोरा फॉर्म घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संचाऐवजी सगळंच वाचायची तपासणी मागितली, आणि आईवडिलांना समजावून सांगितलं. “आधीच्या तपासणीत आपण फक्त स्नायूंची जनुकं बघितली असती. तिथे बहुतेक काहीच निघालं नसतं. मग आपण निर्धास्तपणे ऑपरेशन करून मोकळे झालो असतो. आता मला वाटतं, दोष पायात नाही, मेंदूकडून पायाला जो निरोप येतो त्यात आहे. पण मला वाटणं म्हणजे पुरावा नाही. कदाचित काही सापडेल, कदाचित नाही सापडणार. जे आपण शोधत नाही असंही एखादं निघू शकतं, ते ऐकायचं की नाही ते आत्ताच ठरवा. आणि तुमच्या दोघांचंही रक्त लागेल.”

“आमचं कशाला?” वडील म्हणाले. “आम्ही ठणठणीत आहोत.”

“तिची अक्षरं तुमच्याकडूनच आलीत. कुठलं कुणाकडून आलं, ते जुळवून बघावं लागतं.”

मग घराण्याचा तक्ता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तो काळा भरायचा. मुलीचा गोल डॉक्टरांनी काळा केला. आत्याचं ‘हाफ-डे’ ऐकून तिच्या गोलाशी थांबले आणि आत प्रश्नचिन्ह काढलं. वडिलांना ते जरा जास्तच वाटलं. आणि मग डॉक्टर त्या मधल्या रकान्याकडे वळले. बारीक अक्षरात लिहीत गेले, रकाना भरला, तरी लिहीत गेले, शेवटची ओळ समासात उभी चढवली. बाईंनी फॉर्म हातात घेतला तर आत आईचंच बोलणं होतं, सकाळी पायाला काहीसुद्धा नसतं, इथपासून. त्यांना इतकं भरून आलं की नाक शिंकरायच्या निमित्ताने त्या आत गेल्या. आईवडिलांच्या नळ्या त्यांनी स्वतः भरल्या, कंबरेला न विचारता.

सर्जनने मात्र तारीख सोडली नाही. अहवाल आला तर बघू, नाहीतर ऑपरेशन ठरल्या दिवशीच, उशीर केला तर पाऊल असंच आखडून बसेल, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खोटं नव्हतं. म्हणजे पाच आठवड्यांच्या आत तीनशे कोटींतून काहीतरी सापडायला हवं होतं, नाहीतर नसलेल्या दुखण्यासाठी पोरीच्या पायावर सुरी चालणार होती. बाईंची झोप उडाली. पहिल्या आठवड्यात त्या सरांना रोज विचारायच्या. दुसऱ्या आठवड्यात सरांनी स्वेटरची कॉलर वर ओढून सांगितलं, “बाई, मशीनला तुमची भीती वाटत नाही.” तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणं बंद केलं आणि नुसत्या दारात उभ्या राहायला लागल्या. ते सरांना जास्त जड गेलं.

एकोणिसाव्या दिवशी सरांनी स्वतःच हाक मारली. “बाई, आत या. तो निळा कोट घाला.”

पडद्यावर अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या, एकाखाली एक. सरांनी पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. “या जागी जे अक्षर हवं ते निम्म्या ओळींत आहे, आणि निम्म्या ओळींत दुसरंच आहे.”

“एकच अक्षर?”

“एकच.”

“तीनशे कोटींत?”

“सहाशे म्हणा. प्रत्येकाला आईकडून एक प्रत मिळते, वडिलांकडून एक. हिच्या एका प्रतीत ही चूक आहे. मेंदूत एक रसायन तयार व्हावं लागतं, ते हिच्यात कमी होतं. झोपेत थोडं साठतं. सकाळी टाकी भरलेली, दुपारपर्यंत निम्मी, संध्याकाळी ठणठणाट.”

“मग आता?”

“आता गोळी. जुनीच आहे, म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात त्यावर देतात ती. हिला तिचा एवढासा तुकडा पुरेल.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाई त्या अक्षराकडे बघत राहिल्या. ते शेजारच्या अक्षरांइतकंच दिसत होतं, ना मोठं ना लाल. एका लेकराचं धावणं त्याच्यावर अडलं होतं. “तुम्ही कसं काय हो शोधलंत?” त्यांनी विचारलं.

“मी कुठे शोधलं? सकाळी बरी, संध्याकाळी नाही, असं लिहिलेलं असलं की बघायच्या जागा थोड्याच उरतात. तिच्या आईने सांगितलं कुठे बघायचं ते.” मग सरांनी दुसरी ओळ उघडली. “आणि हे वडिलांचं. त्यांच्यातही तेच अक्षर आहे.”

“पण तो माणूस तर धडधाकट आहे!”

“काहींना जन्मभर काही होत नाही. बायकांना जास्त त्रास होतो. का, ते आम्हालाही धड ठाऊक नाही.”

त्या दिवशी बाई घरी चालत गेल्या. रस्त्यावर माणसं होती नेहमीसारखीच. कुणी फळं निवडत होतं, कुणी फोनवर भांडत होतं, एक म्हातारा बुटाची नाडी बांधायला थांबला होता. या प्रत्येकाच्या आत कोट्यवधी अक्षरं आहेत, बाईंना वाटत होतं, आणि कुणाला पत्ता नाही की त्यातलं एखादं आपल्याला काय करायला लावतंय. म्हातारा नाडी बांधून पुढे जाईपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या. घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, “एवढा उशीर?” तर त्यांना सांगायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

डॉक्टरांनी गोळी दुसऱ्याच दिवशी सुरू केली, आणि दहा दिवसांनी बोलावलं ते मुद्दाम संध्याकाळी पाचला. बाई फळीवर वाकून नळ्या मोजत होत्या, तोच व्हरांड्यात धपधप धपधप. “ए, धावू नकोस!” त्यांच्या तोंडून गेलं, आणि गेल्या क्षणी त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मुलगी थांबली. “मावशी, पाच वाजलेत,” ती म्हणाली, जणू बाईंनी तक्रार घड्याळाकडे करावी. सर्जनने ठरवलेल्या तारखेला ती शाळेत होती.

इथे एखाद्या शहाण्याने गोष्ट संपवली असती. पण तक्त्यात अजून एक प्रश्नचिन्ह बाकी होतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आत्याचा फॉर्म पाठवला, छोटाच. तीनशे कोटी वाचायची गरज नव्हती, जागा माहीत होती, त्या एका अक्षराकडे बघायचं होतं.

भाऊ-बहीण साडेचारला आले. आत्या सेहेचाळीस वर्षांची, उंच, चेहऱ्याने करारी. कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती, पाऊल तसंच आत वळलेलं. भावाने हात पुढे केला तर तिने तो घेतला नाही. बाईंनी तिला स्टूल दिलं. भाऊ मात्र उभाच राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “मी तुला इतकी वर्षं काय काय बोललो. मला माफ कर.”

“तुझ्यातही तेच आहे म्हणे?”

“हो.”

“मग तुला रे कसा फुल-डे मिळाला?”

बाईंना हसू आवरलं नाही. आत्याही हसली, आणि भाऊ हसता हसता रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा. आत्याने त्याला आपला रुमाल दिला. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग पेन्सिल ओढून घेतली, कारण तक्त्याचा वरचा भाग कोरा होता आणि या खिडकीतून कोरं काही पुढे जात नसे. साहेबांनी आताशा त्याबद्दल बोलणं सोडलं होतं.

“आई-वडील?” बाईंनी विचारलं.

“दोघंही नाहीत,” भाऊ म्हणाला.

“त्यांना असं काही होतं? संध्याकाळी पाय आखडणं वगैरे?”

“आईला? छे हो! आई म्हणजे शिस्त. रात्रीचा स्वयंपाकसुद्धा दुपारी बाराच्या आत तयार. धुणं, भांडी, केर, बाजार, सगळं बाराच्या आत. शेजारपाजारच्या बायका तिचं उदाहरण द्यायच्या. हिला सगळ्यांत जास्त बोलायची ती आईच. ऊठ, लोळू नकोस, लोक काय म्हणतील. हो ना गं ताई?”

आत्या तक्त्यावरच्या आईच्या कोऱ्या गोलाकडे बघत होती. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा करारीपणा उतरत गेला.

“संध्याकाळी आई काय करायची, आठवतं का तुला?” तिने भावाला विचारलं.

“बसलेली असायची. खिडकीपाशी, खुर्चीत.”

“तिथून कधी उठलेली पाहिलीस?”

बाईंनी पेन्सिल त्या कोऱ्या गोलावर टेकवली.

“मला ‘ऊठ’ म्हणायची,” आत्या म्हणाली. “रोज म्हणायची. पण बसूनच म्हणायची रे. तिलाही उठता येत नव्हतं.”